बोली चौदा हजारांची, यंत्र वीस हजारांचं



मी नवी मुंबईत बेलापूरला राहते आणि उरण-पनवेलकडच्या गावांतल्या बचत गटांची समन्वयक म्हणून काम बघते. रेडिओवर बोलायला आलो की आम्ही बहुतेक वेळा कुठल्या तरी गटाचं यश सांगतो. कुणी पापडाची मोठी ऑर्डर मिळवली, कुणी प्रदर्शनात स्टॉल लावला, वगैरे. आज मी माझी चूक सांगायला आले आहे. पैशांची चूक आहे, आणि ते पैसे माझे नव्हते, गटाचे होते. म्हणून आकड्यांसकट सांगते. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा. भाकरी थापत असाल तर नुसतं ऐका, चालेल.

उरण तालुक्यात आमचा एक गट आहे, बारा जणींचा. बहुतेक आगरी, तिघी-चौघी कोळी. ह्यांचा धंदा मसाल्याचा, आपला आगरी-कोळी मसाला. मार्च ते मे मिरच्या वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा आणि गिरणीत नेऊन दळून आणायचा. उन्हाळ्यात गिरणीत केवढी गर्दी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी डबा लावला तर संध्याकाळी नंबर. त्यात आधी कुणाची हळद दळलेली असली की आपल्या मसाल्याचा रंग बिघडतो. दरवर्षी बैठकीत तोच विषय निघायचा, की गटाचं स्वतःचं दळण यंत्र हवं. पल्व्हरायझर म्हणतात त्याला. दोन अश्वशक्तीचं, मसाल्याला पुरेल एवढं.

पनवेलच्या दुकानात विचारलं तर नवं यंत्र २३,००० रुपये. दारात आणून बसवून देणार, वर्षभराची हमी. बायका म्हणाल्या, एवढे नाही जमायचे, पंधरा हजारांत काय मिळेल ते बघा. पंधराच का, तर त्याला हिशोब होता. महिन्याला प्रत्येकीची बचत १०० रुपये. बारा जणी, बारा महिने, झाले १४,४००. म्हणजे वर्षभराची बचत आणि वर थोडे, एवढे ह्या यंत्रात घालायचे. बाकीची शिल्लक अंतर्गत कर्जाला ठेवायची असा ठराव झाला.

मी बी.ए. झालेली, मोबाईलवर सगळं बघणारी. म्हटलं जुनं यंत्र शोधू. ऑनलाइन लिलावाच्या एका ठिकाणी राजकोटच्या एका विक्रेत्याचं यंत्र दिसलं. फोटो चांगला, 'चालू स्थितीत' असं लिहिलेलं, मोटर सिंगल फेज. एवढं एक मी आठवणीने विचारलं होतं, कारण कारखान्यातून निघालेली यंत्रं पुष्कळदा थ्री फेजची असतात आणि आपल्या घरच्या जोडणीवर ती चालत नाहीत. बोली ९,००० पासून सुरू. मुदत दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गटाची बैठक होती. लिलाव संपायला पाऊण तास राहिलेला. माझ्याभोवती सगळ्या जमल्या. आम्ही ९,५०० म्हटलं, समोरच्याने १०,०००. आम्ही साडेदहा, तो अकरा. मोबाईलवर आकडा बदलला की सगळ्या ओरडायच्या. फेर धरल्यासारख्या चढल्या होत्या. मीही चढले होते, खोटं कशाला बोलू. शेवटच्या दोन मिनिटांत १४,५०० ला यंत्र आमचं झालं. कुणीतरी चहा टाकला.

त्या गोंधळात एका कोळी मावशीने मला विचारलं होतं, "बाय, भारा कवरा परल?" म्हणजे भाडं केवढं पडेल. मी म्हटलं, "मावशी, ते नंतर बघू."

नंतर बघितलं ते असं. लिलाव चालवणाऱ्यांचा पाच टक्के आकार खरेदीदाराकडून, ७२५ रुपये. यंत्राचं वजन स्टँडसकट ६५ किलो, म्हणजे पोस्टाने किंवा साध्या कुरिअरने येणार नाही, मालवाहतूक ट्रान्सपोर्टनेच येणार. लाकडी क्रेट बांधायचे ९००. राजकोट ते कळंबोली भाडं २,९००. ट्रान्सपोर्टवाला गावात येत नाही, त्याच्या गोडाऊनपर्यंतच माल येतो. तिथली हमाली २००. कळंबोलीहून गावापर्यंत टेम्पो १,६००. बेरीज करा. बोली १४,५००, आकार ७२५, वाहतुकीचे सगळे मिळून ५,६००. एकूण २०,८२५ रुपये. नव्या यंत्रापेक्षा जेमतेम दोन हजारांनी कमी, आणि हमी काहीच नाही.

विक्रेत्याने फसवलं का? नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, भाडं खरेदीदाराचं. मी ते वाचलं होतं आणि पुढे गेले होते.

वरचे ५,८२५ रुपये अंतर्गत कर्जाच्या शिल्लकीतून काढावे लागले. आता कोकणातल्या मैत्रिणींना माहीत आहे, पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि ती उठायच्या आत जाळी दुरुस्त करून ठेवायची असतात. त्या वर्षी जूनमध्ये जाळ्यासाठी १०,००० चं कर्ज मागितलं होतं ते ह्याच मावशीने. गटाकडे तिला द्यायला चार हजार निघाले. उरलेले तिने बाहेरून महिना तीन टक्क्यांनी उचलले. गटाचा दर महिना एक टक्का. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढे एकदा तिच्याशी ह्यावर बोलणं झालं. तिचं आयुष्य करंजा बंदरावर मासळीच्या लिलावात गेलेलं. ती म्हणाली, पाटीवर बोली लावताना आम्ही मासळीकडे बघतो, पण डोक्यात बर्फ असतो. बर्फ किती लागेल, टेम्पोवाला किती घेईल, बाजारात पोचेपर्यंत किती मासळी मऊ पडेल. हे सगळं मनात वजा करायचं आणि मग तोंड उघडायचं. दापोलीजवळ हर्णैला समुद्रकिनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो, तो पाहायला पर्यटकही जातात. त्यांना तो नुसता आरडाओरडा वाटतो. पण तिथली प्रत्येक बोली ही दारात माल पडल्यानंतरच्या किमतीवरून मागे मोजत आलेली असते. शाळेत न गेलेली बाई हे क्षणात करते आणि मी पदवीधर, मला ते सुचलं नाही, कारण माझ्यासमोर मासळी नव्हती, फक्त आकडे होते.

आपल्याकडे लिलाव भिशी खेळतात तिथेही हेच होतं. जिला नड असते ती घाईने जास्त सोडते आणि नंतर महिनोन्‌महिने त्याची भरपाई करत बसते. लिलावात समोरच्याला हरवायची नशा असते. ती गावच्या पारावर असते तशीच मोबाईलमध्येही असते.

आता उलट मोजणी कशी करायची ते आमच्याच यंत्रावर दाखवते. पहिला प्रश्न, हीच वस्तू नवी, दारात बसवून केवढ्याला? २३,०००. दुसरा, जुनी आणि बिनहमीची म्हणून मी दारात जास्तीत जास्त किती देईन? माझा स्वतःचा नेम आता असा आहे की नव्याच्या दोन तृतीयांशांच्या वर जायचं नाही. तुम्ही तुमचा ठरवा. आमची मर्यादा १५,०००. त्यातून भाडं, क्रेट, हमाली, टेम्पो मिळून ५,६०० वजा. राहिले ९,४००. त्यातच लिलाववाल्यांचे पाच टक्के बसायला हवेत, म्हणजे बोली ८,९५० च्या आसपास. हा आकडा कागदावर लिहून मोबाईलच्या मागे चिकटवायचा आणि तिथे थांबायचं.

आणि बोली सुरूच ९,००० पासून होती! म्हणजे तो लिलाव आमच्यासाठी सुरू व्हायच्या आधीच संपलेला होता. आम्ही मात्र पाऊण तास नाचलो.

आता भाड्याबद्दल थोडं तपशिलात जाते, कारण सगळं पाणी तिथे मुरतं.

कुरिअरवाले फक्त वजनावर पैसे घेत नाहीत, खोक्याच्या आकारावरही घेतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. येईल ते किलोमधलं आकारमानाचं वजन. काही कंपन्या ५००० ऐवजी लहान आकड्याने भागतात, तेव्हा ते विचारून घ्यायचं. खरं वजन आणि हे वजन, दोन्हींत जे जास्त त्यावर भाडं. समजा शेवया काढायचं यंत्र आहे, १४ किलोचं. त्याला भलामोठा खोका घेतला, ६० बाय ४५ बाय ४०. गुणाकार १,०८,०००. भागिले ५०००, आले २१.६. म्हणजे साडेसात किलोंचं भाडं तुम्ही हवेसाठी भरताय. खोका कापून बेताचा केला की तेवढे वाचले. घरातला शिवणाचा टेप ह्याला पुरतो.

पोस्टाचं एक बरं आहे. स्पीड पोस्टने ३५ किलोपर्यंतचं पार्सल जातं आणि पोस्ट कुठल्याही पिनकोडला पोचतं. खाजगी कुरिअरवाले काही गावांना 'ओडीए' म्हणतात, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या टप्प्याबाहेरचं गाव. त्याचा वेगळा आकार लावतात आणि तो बरेचदा शेवटी सांगतात. अशा वेळी पार्सल तालुक्याच्या ठिकाणी किंवा पनवेल, पेण अशा मोठ्या गावी मागवायचं. आठवडी बाजाराला कुणीतरी जातंच, येताना आणेल. एसटीनेही पार्सल जातात, डेपोत चौकशी करा. जड यंत्र असेल तर ट्रान्सपोर्ट. तिथे विचारायचे प्रश्न चारच. भाडं 'पेड' की 'टू पे', म्हणजे पाठवणाऱ्याने भरायचं की घेणाऱ्याने? डिलिव्हरी गोडाऊनची की दारची? हमाली वेगळी का? आणि बिल्टीवर मालाची किंमत लिहिली आहे का, विमा आहे का? गोडाऊनमधून माल उचलताना क्रेट फुटलेलं किंवा दबलेलं दिसलं तर तिथल्या तिथे बिल्टीच्या प्रतीवर तसं लिहून मगच सही करा. घरी आल्यावर केलेली तक्रार कोण ऐकतं?

अजून एक युक्ती. प्रत्येक वेळी सगळं यंत्र मागवायची गरज नसते. जुन्या शिलाई मशीनचा बिडाचा स्टँड मशीनइतकाच किंवा त्याहून जड असतो. भाडं सगळं त्या स्टँडवर जातं. नुसती वरची मशीन मागवा आणि स्टँड आपल्या तालुक्याच्या बाजारात घ्या. पिठाच्या चक्कीबाबतही मोटर इथली, दगड तिकडचा, असं जमतं का ते मिस्त्रीला विचारा.

ही भाड्याची गंमत आजची नाही. आपल्या मुंबईतच २००० साली बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची कंपनी निघाली होती. लोक घरबसल्या जुन्या-नव्या वस्तूंवर बोली लावायचे. २००४ मध्ये अमेरिकेच्या ईबेने ती विकत घेतली, पुढे २०१७ मध्ये ईबेचा इथला कारभार फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते संकेतस्थळ बंद झालं. जगभर अशा लिलावांत काही विक्रेत्यांची एक खोड होती. वस्तूची किंमत अगदी कमी दाखवायची आणि कमाई पाठवणीच्या खर्चात घालायची. ग्राहक कमी आकडा बघून धावतो आणि कंपनीला द्यायचं कमिशनही वाचतं, कारण कमिशन फक्त वस्तूच्या किमतीवर असायचं. ईबेने मग २००७ मध्ये पाठवणीचा खर्च रास्त होता का, ह्यासाठी ग्राहकांना वेगळे तारे द्यायला सांगितले. २०११ मध्ये अमेरिकेत पाठवणीच्या रकमेवरही कमिशन लावलं. तेव्हा कुठे खोड जरा मोडली.

आपल्या देशातही आता नियम आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ई-कॉमर्सचे नियम आले. अशा बाजारावर धंदा म्हणून विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगायची, आणि डिलिव्हरी, टपाल, हाताळणी, कर असे सगळे आकार फोड करून दाखवायचे, असं त्यात आहे. आधी कमी किंमत दाखवून पैसे भरायच्या वेळी एकेक आकार वाढवत नेणं, ह्याला २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फसवी क्लृप्तीच मानलं आहे. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीत बोलता येतं. पण एक लक्षात घ्या. घरातली जुनी वस्तू एखाद वेळी विकणाऱ्या साध्या माणसाला हे ई-कॉमर्सचे नियम लागू नाहीत. जुन्या अवजारांचा बराचसा व्यवहार तर अशाच माणसांशी होतो. तिथे आपण आधी विचारलेले प्रश्न हीच आपली हमी. वस्तू बिघडलेली निघाली तर परतीचं भाडं कुणाचं, हेही पैसे देण्याआधी विचारायचं आणि उत्तर लेखी मेसेजमध्ये घ्यायचं.

सरकारी भंगार आणि जुनी यंत्रंही आता ऑनलाइन लिलावाने जातात. एमएसटीसी नावाची केंद्र सरकारची कंपनी असे लिलाव करते. तिथे आधी अनामत भरावी लागते, माल 'जसा आहे, जिथे आहे' ह्या अटीवर मिळतो आणि ठरलेल्या दिवसांत स्वतःच उचलून न्यावा लागतो, नाहीतर जागेचं भाडं चढतं. एकट्या गटाने त्यात पडू नये असं माझं मत आहे. ढीगच्या ढीग विकतात तिथे. आपल्याला हवं असतं एक यंत्र.

फसवणुकीबद्दल थोडक्यात, कारण ते तुम्ही ऐकलेलं असेल. 'मी फौजी आहे, बदली झाली म्हणून मशीन स्वस्तात काढतोय, गाडीभाड्याचे आधी पाठवा' असा फोन आला की समजा काहीतरी काळंबेरं आहे. खऱ्या फौजीला भाड्याचे पैसे अनोळखी बाईकडून आधी नको असतात. आणि आपण विकत असू तेव्हा पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील, असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढे सरकतात.

आता बाजू पालटते. आपण नेहमी घेणाऱ्याच असतो असं नाही, विकणाऱ्याही असतो, आणि तिथे आपली वेगळी चूक होते.

पनवेलकडच्या दुसऱ्या एका गटाचा शिवणवर्ग बंद पडला आणि चार जुनी मशीनं पडून होती. गटातल्या तरुण मुलींनी ती बोलीला लावली. पहिल्या मशीनला दापोली तालुक्यातल्या एका ताईंची बोली सगळ्यांत वरची आली, ३,४००. फक्त वरची मशीन, स्टँड नाही. भाडं किती सांगायचं ह्यावर बैठकीत वाद झाला. एक वहिनी म्हणाली, "पंधराशे सांगा, तिला काय कळतंय, तेवढेच चार पैसे गटाला." दुसरी अगदी उलट, "फक्त पोस्टाचे तेवढे घेऊ, बाकी आपण करू की. त्यात काय एवढं?"

ह्या दोघींत मला दुसरीचीच जास्त काळजी वाटली. पहिलीची लबाडी बैठकीत लगेच पकडली गेली. पण 'त्यात काय एवढं' हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते कुणाला खटकलंच नाही. मशीन पुसायचं, त्यातलं तेल निथळायचं, सुई काढून वेगळी बांधायची, हातचाक दोरीने पक्कं करायचं, दुकानातून पुठ्ठा मागून आणायचा, खोका शिवायचा, रिक्षाने पोस्टात न्यायचं, रांगेत उभं राहायचं. दोन बायकांचा अर्धा दिवस गेला. मजुरीला गेल्या असत्या तर त्याचे पैसे मिळाले असते. रास्त भाडं म्हणजे घेणारीकडून जास्त न घेणं, तसंच स्वतःचा घाम फुकट न देणं. मात्र तो भाड्याच्या आड लपवायचा नाही, त्याच्या नावाने सांगायचा.

आम्ही किराणा दुकानातल्या काट्यावर मशीन ठेवलं. १२ किलो. पॅकिंगसकट १४.२. खोका ५५ बाय ३० बाय ४०, आकारमानाने १३.२ येतं, म्हणजे खऱ्या वजनावर भाडं. त्या ताईंना चिठ्ठी पाठवली ती अशी होती: पोस्ट अंदाजे ६४०, पुठ्ठा-दोरी-चिकटपट्टी १४०, रिक्षा ८०, बांधणावळ दोघींची १५०, एकूण १,०१०. सोबत मशीन चालतानाचा आणि खोका बांधतानाचा व्हिडिओ. ताईंचा फोन आला. आधी जरा घासाघीस केली, बांधणावळ कसली म्हणाल्या. वहिनीनेच उत्तर दिलं, तीच पंधराशेवाली. म्हणाली, "ताई, तुम्ही ब्लाऊज शिवता तर हातशिलाईचे वेगळे घेता ना? तसंच." ताई हसल्या आणि पैसे पाठवले.

पोस्टात प्रत्यक्ष ५८० लागले. ६० रुपये उरले. ते परत पाठवायचे की नाही ह्यावर पुन्हा पाच मिनिटं चर्चा, पण ह्या वेळी वाद झाला नाही. पाठवले, पोस्टाच्या पावतीच्या फोटोसकट.

पंधरा दिवसांनी दुसरं मशीन बोलीला लावलं. त्याच ताई परत आल्या, त्यांच्या गावात आणखी एकीला हवं होतं. ह्या वेळी बोलीच्या आधीच त्यांनी वजन आणि खोक्याचं माप विचारून घेतलं आणि ३,२०० ला थांबल्या. मशीन ३,८०० ला पेणच्या एका बाईला गेलं. ती तिच्या भाच्याला घेऊन मोटरसायकलवर आली, मशीन चालवून बघितलं, गोणपाटात गुंडाळलं आणि घेऊन गेली. तिला भाडं शून्य, म्हणून तिची बोली वर जाऊ शकली.

उरणच्या गटाचं ते यंत्र अजून चालू आहे. गावातला बाहेरचा मसालाही आता दळून देतात, किलोमागे पैसे घेऊन. दळणाच्या वहीत पहिल्या पानावर मावशीच्या जाळ्याचे राहिलेले सहा हजार लिहून ठेवले होते. पुढच्या मे महिन्यात ते तिला कर्ज म्हणून दिले. त्याच दिवशी तिने बाहेरचं कर्ज फेडलं. वरचं व्याज मी दिलं. तिने नको नको म्हटलं, मग घेतलं.

पुढच्या बैठकीला येताना टेप आणा आणि आपापल्या गटात विकण्यासारखं काय पडून आहे ते बघून या. काटा मी आणते.